पाटीवरची सहा नावं

गल्लीत सगळे त्यांना कप्तान म्हणत, पण पोट चाले ते शिलाई मशिनं दुरुस्त करण्यावर. टाका सुटतोय, दोरा तुटतोय अशी तक्रार घेऊन कुणी शिंपी आला की कप्तान मशीन चालवायला लावत आणि डोळे मिटून ऐकत. मग म्हणत, शटल घासलंय. बहुतेक वेळा खालच्या दोऱ्याची रिळी धरणारं ते शटलच घासलेलं असे. घरचं मशीन मात्र वर्षानुवर्षं बिघडून झाकून पडलेलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी.

तरुणपणी, युद्धात, ते बाँबफेकी विमान चालवत. तिसाव्या फेरीत एक इंजिन पेटलं आणि तोफगोळ्याचा तुकडा आत घुसून वाटाड्याच्या पोटात बसला. वाटाड्या म्हणजे नकाशे वाचून दिशा सांगणारा त्यांचा सोबती. कप्तानांनी विमान तळावर आणलं, पण वाटाड्या चाकं टेकायच्या आधीच गेला होता. त्या फेरीसाठी कप्तानांना शौर्यपदक मिळालं. युद्धानंतर प्रवासी विमानं चालवायची नोकरी चालून आली, तिला नकार देऊन त्यांनी सासऱ्यांच्या मशीनदुरुस्तीच्या दुकानात पेचकस धरला. घरी विषय निघालाच तर म्हणत, "गेलो, आलो." पुढं बायकोनं विचारणं सोडलं.

पासष्टी उलटल्यावर त्यांच्या जुन्या शाळेनं भिंतीवर त्यांच्या गौरवाची संगमरवरी पाटी लावायचं ठरवलं. निवृत्त मुख्याध्यापक मजकूर दाखवायला दुकानात आले. 'एकट्याच्या हिमतीवर जळतं विमान परत आणणारे' असं त्यात होतं. कप्तानांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि 'एकट्याच्या' हा शब्द खोडला. विमानात सहा जण होतो, सहाही नावं घाला, म्हणाले. मुख्याध्यापक अवघडले. दगड कापून आलाय, इतकी नावं मावायची नाहीत, शिवाय बाकीचे काही आपल्या शाळेचे नव्हेत.

"माझं नाव बारीक करा," कप्तान म्हणाले. "जागा होईल."

मुख्याध्यापकांनी ते ऐकलं. एवढंच नव्हे, ज्यांच्या घरचा ठावठिकाणा लागला त्यांना बोलावणीही धाडली. कप्तानांना याचा पत्ता नव्हता.

समारंभात भाषणं लांबली. कप्तान नव्या बुटांत पाय चोळत बसले होते. सगळं उरकल्यावर जाड भिंगांच्या चष्म्याची एक बाई पुढं आली आणि तिनं आपण वाटाड्याची धाकटी बहीण असल्याचं सांगितलं. कप्तान उठून उभे राहिले. दोघं एका रिकाम्या वर्गात जाऊन बाकावर बसले आणि तिनं विचारण्याआधीच कप्तान बोलू लागले. वाटेत एक जवळची धावपट्टी होती. तिथं उतरा, असं वाटाड्या सांगत होता. पण तिच्यावर दाट धुकं होतं, म्हणून त्याचं न ऐकता ते आणखी पाऊण तास उडत राहिले.

"तिथं उतरलो असतो तर तो वाचला असता," कप्तान म्हणाले. "असं मला रोज वाटतं, ताई."

बाकावर कुणीतरी कर्कटकानं कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत ती म्हणाली,

"किंवा तुम्ही सहाही जण गेला असतात. ते मला ठरवता येत नाही, तुम्हालाही येणार नाही. पण तो कसा गेला हे कुणीतरी येऊन सांगेल म्हणून आई मरेपर्यंत वाट बघत होती. तुम्ही आला नाहीत, हे मात्र चुकलं."

कप्तानांनी सबब सांगितली नाही. मान खाली घालून "हो" म्हणाले.

त्यानंतर दर महिन्याला ते दोन तास बसनं तिच्याकडे जाऊ लागले. भावाच्या मरणाचं तिनं पुन्हा काढलं नाही. तिला त्याचं जगणं ऐकायचं होतं. कप्तान सांगत, तो पत्त्यांत लबाडी करायचा. आकाशात कधी वाट न चुकणारा हा गडी सुट्टीत पायी भटकताना मात्र सगळ्यांना हमखास भलत्याच गल्लीत न्यायचा. हे ऐकून ती पोट धरधरून हसली.

बायकोच्या मनात ते सलत होतं. एकदा ती म्हणाली, "मी विचारून विचारून थकले, तर दोन शब्दांत बोळवण केलीत. आणि तिथं तोंड उघडलंत."

पुढच्या खेपेला कप्तानांनी दोन तिकिटं काढली. बायको तिथं खुर्चीच्या कडेला टेकून सगळं ऐकत राहिली. परतीच्या बसमध्ये मात्र तिनं विचारलं, उरलेले चौघं कुठं राहतात. कप्तानांना दोघांचंच ठाऊक होतं. तिनं पिशवीतून कागद काढला आणि ते दोन पत्ते लिहून घेतले.