कुणीच न धरलेला गडी

१९७३ च्या डिसेंबरात, सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका मैदानावर, मला कबड्डीत पहिल्यांदा कुणी धरलं. त्याआधी दोन वर्षं मी शाळेच्या संघातून खेळत होतो.

धरलं ते शहरातल्या एका शाळेच्या मुलांनी. एकानं घोटा पकडला, दुसऱ्यानं कमरेला मिठी घातली. मी खांबासारखा उभा राहिलो आणि मग आडवा झालो. तोंडात माती गेली. दम तुटला. पंचांनी शिट्टी दिली. मी परत आत आलो तेव्हा पुन्हा तेच झालं. धरल्यावर काय करायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.

सरांनी मला बाहेर काढलं. मी त्यांच्या पायाशी बसलो. शेजारी दुसऱ्या एका शाळेचे खेळाचे शिक्षक उभे होते.

“तुमचा हुकमी गडी न्हवं का ह्यो?” त्यांनी विचारलं.

“खेड्यात हुकमी,” आमचे सर म्हणाले. “महारवाड्यातला हाय. तिकडची पोरं ह्याला शिवत न्हाईत. ह्यो आत गेला की सगळी मागच्या रेषेला. म्हणून तर ठेवलाय. हितली पोरं मातुर धरत्यात.”

“लय डोकं हाय तुमचं.”

“जितायचं म्हंजे डोकं लावाय लागतं गड्या.”

दोघं हसले. मी ऐकतोय म्हणून आवाज खाली करावा, असं दोघांपैकी कुणाला वाटलं नाही.

आमचं हायस्कूल विट्याच्या पूर्वेला, कोरडवाहू भागातल्या एका गावात होतं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आम्ही बौद्ध झालो त्याला बरीच वर्षं झाली होती; गाव वस्तीला जुन्याच नावानं ओळखे. सर कोरेगावकडचे. घरचा ऊस, दोन भाऊ फौजेत. खेळाचे शिक्षक म्हणून त्यांचं नाव जिल्ह्यात होतं, आणि ते फुकट नव्हतं. पहाटे मुलांच्या आधी ते मैदानावर असत. कुणाचा पाय मुरगळला तर तेल लावून स्वतः चोळत. गुडघा कुठं वाकवायचा, मनगट कसं सोडवायचं, दोघांनी साखळी कशी करायची, हे ते अंग लावून शिकवत. त्यांच्या हाताखालची मुलं पुढं फौजेत गेली, पोलिसात गेली. ही माणसं आजही त्यांचं नाव आदरानं घेतात.

मला त्यांनी संघात घेतलं तो दिवस आठवतो. मी बुजून कडेला उभा होतो. ते मोठ्यांदा म्हणाले, “पुढं ये. मैदानात जात नसती.” सगळ्यांनी ऐकलं. मी घरी जाऊन आईला सांगितलं. आईनं दोन-तीन घरी जाऊन सांगितलं.

पकडीचा सराव सुरू झाला की सर मला बाजूला काढत. “तू फेऱ्या मार. दम वाढीव. तू फकस्त चढाईला. धरलाच जात न्हाईस, तुला पकडी कशाला?” बाकीची मुलं एकमेकांना धरून मातीत लोळत. मी कबड्डी कबड्डी म्हणत मैदानाभोवती पळे. दोन वर्षांत सरांनी माझी एक चूक काढली नाही. इतरांना शिव्या बसत, छडी बसे. मला काही नाही. मी समजत होतो, माझ्यात चूकच नाही.

तालुक्याच्या सामन्यांत मी आत गेलो की समोरचे गडी मागं सरकत. मी एक-दोघांना शिवून परत येई. गुण माझ्या नावावर लागत. सामना संपला की समोरची मुलं आधी विहिरीवर जाऊन अंघोळ करत आणि मग जेवत. मला वाटे, धूळ झाली असेल. गावात पाणी वरून ओततात ते मला माहीत होतं. देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत जायचं ते माहीत होतं. पण मैदानाबद्दल मी सरांचं वाक्य खरं मानून चाललो होतो.

आणखी एक गोष्ट होती. सर बाकीच्यांना शिवा, पांडा अशी हाक मारत. मला आडनावानं मारत, आणि ती पलीकडच्या संघाला ऐकू जाईल एवढी मोठी. मी तो मान समजत होतो. आमच्या भागात आडनाव कळलं की वस्ती कळते.

त्या दिवशी विश्रामबागेत दुपारी आमचा गटातला दुसरा सामना होता. समोर जतकडच्या एका खेड्यातला संघ. जिंकलो तर पुढची फेरी, हरलो तर घरी. मध्यंतरानंतर आम्ही थोडे मागं होतो.

सर माझ्याकडं आले. सकाळचं काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, “ऊठ. ही खेड्यातली हायत. तुझंच काम.”

मी उठलो. नाही म्हणणं माझ्या तोंडी आलं नाही. अकरावीचं, मॅट्रिकचं वर्ष होतं, आणि सरांना नाही म्हणालेला मुलगा मी पाहिलेला नव्हता. सरांनी माझं आडनाव घेऊन हाक मारली. पलीकडच्या मुलांनी एकमेकांकडं पाहिलं.

मी दम घेतला. मध्यरेषा ओलांडली. समोरचे सातही जण मागं सरकले. कोपऱ्यातला एक उंच मुलगा होता, चांगला दणकट. त्याचा एक हात पुढं आला होता. त्यानं तो मागं घेतला. हे मी दोन वर्षं पाहत आलो होतो. त्या दिवशी मला ते दिसलं.

मी मध्येच थांबलो. कबड्डी म्हणायचं बंद केलं.

“धरा,” मी म्हणालो.

कुणी हललं नाही.

“धरा की. मी दम सोडलाय. मी बादच हाय. नुसतं धरा.”

उंच मुलगा आपल्या सरांकडं बघू लागला. पंचांनी शिट्टी दिली आणि मला बाद दिलं. मला कुणाचंही बोट लागलेलं नव्हतं.

आमचे सर कडेवरून ओरडले, “याड लागलं का रं?” मी त्यांच्यासमोरून चालत गेलो आणि झाडाखाली आमच्या पिशव्या होत्या तिथं बसलो. मागून त्यांचं एक वाक्य आलं. “संघात घेतला, तीच चूक झाली.” सामना आम्ही हरलो.

परतीच्या एस.टी.त माझ्या शेजारची जागा मोकळी होती. तासगाव मागं पडल्यावर शिवा तिथं येऊन बसला. शिवा आमचा कप्तान. वरच्या आळीतल्या घरातला, मनानं वाईट नाही.

“गड्या, असं कराय नको हुतंस. जितलो असतो.”

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“आमाला म्हाईत हुतं समद्यास्नी,” तो म्हणाला. “तुला न्हवतं व्हय? सर म्हणलं हुतं, त्याला सांगू नगा, बिथरंल.”

“तू मला कवा धरलंस का रं, शिवा?”

त्यानं समोरच्या बाकाचा दांडा धरला.

“सरांनी कवा सांगितलंच न्हाई,” तो म्हणाला.

आजही मी स्वतःला विचारतो. सरांनी सांगितलं असतं तर शिवानं धरलं असतं का? बहुतेक धरलं असतं. सरांचा शब्द कुणी मोडत नसे. सरांनी एका सकाळी नुसतं “ह्याला धर” म्हटलं असतं, तर गावात काय झालं असतं ते मला माहीत नाही. ते त्यांनी म्हटलं नाही, एवढंच मला माहीत आहे.

घरी वडिलांना कळलं. ते म्हणाले, “जा, पाया पड त्यांच्या. वर्ष वाया जाईल.” मी गेलो नाही. ज्या घरांत आईनं आधी सांगितलं होतं, तिकडं ती काही दिवस गेली नाही. सरांनी मला वर्गात पुन्हा कधी हाक मारली नाही, आडनावानंही नाही. मी संघात नव्हतो. मी खेळाडू होतो की नव्हतो, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. माझ्या नावावरचे गुण कुणाचे होते, ते अजून ठरवता येत नाही. ज्याला कुणी धरलंच नाही, त्याला आपली ताकद कळायला काही मार्ग नसतो.

मी शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम केला. तिथं वर्गातल्या मुलांनी मला धरलं, पाडलं. पहिल्याच आठवड्यात खांदा निखळला. पकड कशी सोडवायची ते मी विशीत शिकलो.

१९७९ च्या जूनमध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी खेळाचा शिक्षक म्हणून लागलो. पहिल्या दिवशी कबड्डीसाठी आलेल्या मुलांना मी मैदानात उभं केलं. माझं आडनाव सांगितलं. मग मध्यरेषा ओलांडून त्यांच्यात गेलो आणि म्हणालो, “मला धरा. एकेकानं या.”

मुलं आली. काही बिचकत, काही हसत. एकानं इतकं जोरात पाडलं की शर्टाची बाही उसवली. मी त्याला त्याचा पाय कुठं चुकला ते दाखवलं.

शेवटी एकच उरला. नववीतला, रुंद खांद्यांचा. आदल्या वर्षीच्या संघात तो कोपरा सांभाळत असे. त्यानं हात मागं बांधले होते.

“आवं सर,” तो म्हणाला, “घरी इचारून उद्या धरतो.”

एकजण हसू दाबत होता.

“विचारून ये,” मी म्हणालो. “पण ह्या मैदानात सगळे सगळ्यांना धरतात. जो धरणार नाही, तो माझ्या संघात नाही.”

मुख्याध्यापकांनी संध्याकाळी मला बोलावून घेतलं. मुलाचे वडील येऊन गेले होते. “नवीन आहात,” मुख्याध्यापक म्हणाले, “एका पोरापायी कशाला ताणता? तो आपला सगळ्यात चांगला पकडणारा आहे.” मी म्हणालो, असेल, मी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तालुक्याच्या सामन्यांसाठी संघाची नावं द्यायची वेळ आली तेव्हाही तो आला नव्हता. मी त्याचं नाव दिलं नाही. पहिल्याच फेरीत आम्ही हरलो.