शेजारची जागा

खंडेनवमीच्या सकाळी शेजारच्या जाधवकाकांनी शेडमधून आपली शर्यतीची गाडी बाहेर काढली. एका जुन्या विलायती गाडीचा फोटो भिंतीवर चिकटवून, पत्रा ठोकून ठोकून त्यांनी ही तिची नक्कल घरीच घडवली आहे. फोटोतल्या गाडीच्या नाकावर पोचा आहे, म्हणून काकांनी इथंही मुद्दाम पोचा पाडला! असल्या वेडाचं मला अप्रूप वाटतं. जे कधी आपलं होणार नाही, ते माणूस हातानं घडवतो आणि वर त्याला झेंडूची माळ घालतो.

मी फोटो आणि गाडी ताडून पाहत होतो. फोटोत ड्रायव्हरशेजारची जागा वारा शिरू नये म्हणून पत्र्यानं झाकलेली होती. इथं मात्र त्या जागी मऊ गादी होती.

"काका, एवढं एक चुकलं की हो!"

"चुकलंय कुठलं? पत्रा मारला असता, तर तुझ्या काकूला कुठं बसवलं असतं?"

काकू पदर खोचून बसल्या. चाकाखालचं लिंबू फुटलं, गाडी गुरगुरत निघाली. पुढे काच नव्हतीच. माळेच्या पाकळ्या उडून काकूंच्या केसांत अडकल्या, आणि त्यांनी त्या तशाच राहू दिल्या.