थांब म्हणणारी पेशी

पगारे मॅडम वर्गात शिरल्या की पोरांचे चेहरे नाही, आधी पाय बघायच्या. कोण कसं चालत येतं, ते. ऐंशीच्या दशकात धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली नवीनच लागले होते. मला वाटायचं, बाई चपला बघून माणसाची ऐपत जोखते. कसलं काय!

लहान मेंदूचा तास त्यांचाच. फळ्यावर पुरकिंजे पेशी काढायच्या, बाभळीसारखी फांद्याफांद्यांची. खाली ग्रॅन्यूल पेशींचे ठिपके, त्यांचे फांद्यांतून आडवे गेलेले तंतू, आणि वेढे घालत वर चढणारा एकच जाड तंतू. "हा चुका दाखवणारा. खाष्ट सासूच समजा," म्हणायच्या. पोरं हसायची. "आत कितीही कालवा होऊ द्या, या थरातून बाहेर निरोप जातो तो पुरकिंजेचाच. आणि तोही एकच, थांब. हात कपापाशी थांबतो तो हिच्या जिवावर. ही मेली की हात कपाच्या पुढे जातो." एवढं बोलून खडू ठेवायच्या.

त्यांचे वडील ही पेशी मरत जाण्याच्या रोगानंच गेले होते. आता पाळी धाकट्या भावाची, सुदामची. नरडाण्याजवळच्या गावात मजुरी करायचा. पाय फाकून, झोकांड्या खात चालायचा, जीभ जड झालेली. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, आणि गाव म्हणे, "पेयेल शे." एका रविवारी तो मॅडमच्या कॉलेजातल्या क्वार्टरवर आला, मी तिथंच होते. त्याच्या मुलीचं, सुजाताचं, शिरपूरला लग्न ठरलं होतं. मॅडम उसळल्या, "मी सांगते त्या लोकांना! माझा भाऊ दारुडा नाही. हा रोग आहे, रक्तातून येतो."

सुदामनं हात जोडले. तेही धड जुळेनात. "अक्का, लोके पेयेल म्हणतस, म्हणू दे. पेताडनी पोर कोणीबी करी. आसा रोगनी पोर कोण करी?"

"आणि तिच्यात उतरला असेल तर?"

"तुनाजोडे दवाई शे का?"

सगळा जन्म घातला बाईनं त्या पेशीपायी, आणि हातात काय, तर खडू! मला रडूच फुटलं.

लग्नाच्या दिवशी मांडवामागे सुदाम शर्टावर दारू शिंपडत होता. घोटभरही प्यायला नाही. मग तसाच झोकांड्या खात पाहुण्यांत गेला. व्याही म्हणाले, "आजच्या दिवस तरी राहू द्यायची होती, भाऊ." सुदाम हसला. मॅडम माझ्याशेजारी पहिल्या रांगेत तोंड मिटून बसल्या होत्या.

बुद्धवंदना झाली. सुजातानं हार उचलला. तो नवऱ्याच्या गळ्यात न पडता खांद्यावरून पलीकडे गेला.

"लाजली गं बाई!" कुणीतरी ओरडलं आणि अख्खा मांडव हसला. मॅडमनी माझं मनगट गच्च धरलं. "थांब," त्या पुटपुटत होत्या, "थांब गं माय, थांब." मागे वळून पाहिलं, तर सुदामच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

त्यानंतर मॅडम बरीच वर्षं शिकवत होत्या. पेशी तशीच सुंदर काढायच्या. पोरं वर्गात येताना मात्र त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या.