पाटाचे पाणी आणि माझे गैरकृत्य

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आरंभीच मान्य करतो. निवृत्तीनंतर लेखणी हाती घेतलेल्या माणसाची वाक्ये आपणास वाचावी लागत आहेत, याबद्दल क्षमस्व. तरीही सांगतो: माझ्या एका शब्दामुळे पुतणीचे लग्न मोडता मोडता राहिले.

यवतजवळच्या आमच्या गावी कालव्याचे पाणी बारीने मिळते. आमच्या बारीला शेजारच्या हणमंतआप्पांनी पाट फोडून पाणी आपल्या उसात घेतले. माझे थोरले बंधू आबा म्हणाले, "तू शिकल्याला हायेस. गावच्या ग्रुपवर जरा कडक बोल. पर शिवी न्हाई."

मी (बरीच तालीम करून) ग्रुपवर ध्वनिसंदेश टाकला, "काल आमच्या कुटुंबाबाबत एक गैरकृत्य घडले आहे. संबंधितांची लाज राखण्यासाठी तपशील देत नाही." आप्पांचे नाव घेणे मला असभ्य वाटले. सभ्यतेच्या भरात पाण्याचेही नाव राहिले.

त्याच सकाळी शिरूरचे पाहुणे पुतणीची सुपारी फोडायला निघाले होते. चौफुल्याला चहा घेताना त्यांच्या यवतच्या मेहुण्याने (तोही त्याच ग्रुपवर) माझे भाषण त्यांना ऐकवले. लगेच मुलाच्या वडिलांचा फोन आला.

"भाऊसाहेब, गैरकृत्य म्हंजी नेमकं काय झालं तुमच्या घरात?"

मला घाम फुटला. घाम फुटला की मी व्याख्या सांगू लागतो. "न्यायाला किंवा कायद्याला सोडून केलेली कोणतीही कृती. शब्द व्यापक आहे. त्यात पुष्कळ प्रकार येतात."

"पुष्कळ प्रकार?" फोन बंद झाला.

वहिनींनी भज्यांची कढई उतरवून ठेवली. "भावजी, नुसतं चोरी म्हणला असता, तर काय बिघडलं असतं?"

गाडी आली, पण दारातच थांबली. इंजिन चालूच. कोणी उतरेना. तेवढ्यात चिखलाच्या पायांनी हणमंतआप्पा आले आणि थेट माझ्यावर घसरले.

"पाट मी फोडला. चोर म्हना, लुच्चा म्हना, पंचाम्होरं उभा करा. पर गैरकृत्य? काल मी तुमच्याच बाजूनं आलो, येवढंच सुनंला ठावं; सकाळधरनं बोलंना माझ्याशी. नातीला जवळ येऊ दीना."

गाडीची काच खाली आली. "पाणीच का?" मुलाच्या वडिलांनी विचारले.

"पाणीच. चार सऱ्या बी भिजल्या न्हाईत धड."

"आवो, मग आमी काय येगळं करतो व्हय?" इंजिन बंद झाले.

सुपारी फुटली. सर्वांत जास्त भजी आप्पांनी खाल्ली. आमचा ऊस मात्र कोरडाच राहिला.

लग्नात पाहुण्यांच्या स्वागताचे चार शब्द मी बोलायचे ठरले होते. आबांनी आता ते काम आप्पांना दिले आहे. माझ्याकडे मठ्ठा वाढण्याचे काम आहे, आणि तेही तोंड न उघडता. वाचकहो, आता याला मी काय म्हणावे?