खाली येणारी फांदी

इकडे परदेशात, ट्रुगानिनातला माझा शेजारी शिफ्टवरून आला की बूटही न काढता गराजमधल्या काचेच्या पेटीपाशी जातो. त्याचा सरडा म्हातारा झालाय. ही जात तीन-चार वर्षंच जगते. आधीचे दोन असेच गेले. सरड्याला आता वर चढवत नाही, म्हणून शेजारी पेटीतली फांदी दर आठवड्याला थोडी खाली बांधतो. त्याची हाक आली की आज काय बघावं लागेल असं मनात म्हणत मी गराजमध्ये जातो.

काल फांदी वाळूवरच टेकली होती. सरडा कसाबसा तिच्यावर सरकला.

"बघ, चढला की नाही पठ्ठ्या!" तो माझ्याकडे न बघताच म्हणाला.

"एकदम झकास चढला," मी म्हणालो. दर रविवारी पुण्याला फोन करून बाबांना "तब्येत सुधारलीय तुमची" म्हणतो, त्याच आवाजात.