कुजबुजत बदललेला ऑइल फिल्टर

पडदेवालीच्या घरात भांडायचं झालं तर कुजबुजत भांडावं लागे. नवरा बेकरीत रात्रपाळीला होता. सकाळी पिठाने पांढरा होऊन यायचा, दोन घास पोटात ढकलायचा आणि अंगणाकडच्या खोलीत जो आडवा व्हायचा तो दिवस कलेपर्यंत. त्याची झोप भलतीच हलकी. वाटी पडली तरी मोडायची. म्हणून त्या घरातल्या दोन बायकांनी वर्षानुवर्षं आपले सगळे वाद दबक्या आवाजात घातले होते. एक ती स्वतः, दुसरी तिची नणंद.

नणंदेला सगळेच अक्का म्हणत. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून तिने अख्खी नोकरी काढली होती. आईवडील लवकर गेले, धाकट्या भावाला तिनेच वाढवलं, त्यापायी लग्नाचं राहूनच गेलं. घरावरचं छप्पर तिच्या पगारातून चढलेलं. त्यामुळे ‘तुम्हाला काय कळतंय’ असं तिला म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि तिला तर सगळ्यातलंच कळायचं. पडद्याला चुण्या किती घ्याव्यात, इस्त्री किती तापवावी, समोरच्या सुनेने केस कुठवर कापावेत. पडदेवालीने रंगांप्रमाणे लावलेली दोऱ्याची रिळं अक्का एखाद्या दुपारी जाडीप्रमाणे लावून ठेवायची आणि वर म्हणायची, “आता बघ, कसं हाताशी येतं!” मग निळा दोरा शोधता शोधता पडदेवालीच्या नाकी नऊ यायचे. उत्तर अगदी ओठांवर आलं की ती चार टाचण्या तोंडात धरायची. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही. बाहेरच्यांना वाटायचं, बाई किती शांत!

पडदे शिवून लावायच्या धंद्यासाठी पडदेवालीने एक लहान पांढरी गाडी घेतली होती, कुणाची तरी वापरलेली. मागची सीट काढून तिथे पडद्यांच्या गुंडाळ्या आणि दांड्या ठेवायची सोय केली होती. गाडीचं काम एक म्हातारा मिस्त्री करायचा. तो दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेला, आणि पडदेवालीने गाडी मोठ्या रस्त्यावरच्या नव्या गॅरेजात टाकली. तिथे काचेच्या खोलीत बसायला मऊ खुर्ची होती. गाडी परत देताना छापील बिल दिलं: ऑइल बदललं, ऑइल फिल्टर बदलला.

घरी आल्यावर अक्का अंगणात चक्क जमिनीवर आडवी झाली आणि टॉर्च मारून गाडीखाली बघू लागली.

“काय बघताय अक्का?”

“तेल ज्यातून गाळलं जातं तो डबा. अगं, हा नवा आहे म्हणतेस? ह्याच्यावर चिखलाचे थर आहेत. गंजलाय मेला.”

पडदेवालीला आधी अक्काचाच राग आला. सगळं सुरळीत झालं की त्यात खोट काढल्याशिवाय हिला अन्न पचत नाही! पण वाकून बघितलं, तर खरंच. मुठीपेक्षा जरा मोठा पत्र्याचा डबा, गंजाने तांबूस, वरची अक्षरंसुद्धा पुसलेली. ती तशीच गाडी घेऊन गॅरेजात गेली.

काउंटरवरच्या गृहस्थाने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट फिरवलं. “मॅडम, सिस्टीममध्ये बदललेला दाखवतोय.”

“सिस्टीममध्ये दाखवत असेल. गाडीत दाखवत नाही.”

“सिस्टीममध्ये बदललेला असला की परत बदलता येत नाही. तुम्ही नव्याने नोंदणी करा. पुढच्या आठवड्यात बघू.”

पुढच्या आठवड्यात तिला दातांच्या एका नव्या दवाखान्याचे पडदे लावायचे होते. ती दात-ओठ खात घरी आली. अक्का दारातच उभी होती.

“आपणच बदलू,” अक्का म्हणाली. “त्यात काय आहे? एक डबा काढायचा, एक डबा लावायचा. मी प्रयोगशाळेत गॅसच्या नळ्या बदलल्यात.”

पडदेवालीकडे त्या वेळी टाचण्या नव्हत्या. तरी ती गप्प बसली, आणि तिथेच चुकली.

दुसऱ्या दिवशी दोघी स्पेअर पार्टच्या दुकानात गेल्या. दुकानदार बारीक चणीचा, सावकाश बोलणारा माणूस होता.

“गाडी कोणती?”

“पांढरी,” अक्का म्हणाली.

पडदेवालीने मॉडेल सांगितलं, साल सांगितलं. दुकानदाराने मागून दोन डबे आणून काउंटरवर ठेवले, एक बुटका, एक उंच. “त्या साली ह्या गाडीला दोन जातीची इंजिनं आली होती. एकाला हा लागतो, दुसऱ्याला हा. तुमचं कुठलं? इंजिन नंबर आणलाय?”

“नाही आणला.”

“मग जुना डबा काढून आणा. शेजारी ठेवून बघू.”

“बरोबर आहे,” पडदेवाली म्हणाली. “उद्या येते.”

“कशाला उद्या?” अक्काने उंच डबा उचलून हातात तोलला. “हा घे. मोठा आहे, जास्त गाळेल.”

“अक्का, मोठ्या-लहानाचा प्रश्न नाही. बसला पाहिजे.”

“डब्याला डबा बसतो गं. एवढ्यासाठी दोन हेलपाटे घालायचे?”

मागे माणसं उभी राहिली होती. एकजण घड्याळाकडे बघत होता. पडदेवालीने दुकानदाराकडे बघितलं, दुकानदाराने छताकडे. उंच डबा आणि नव्या तेलाचा एक कॅन पिशवीत पडला. वाटेत दुकानदाराचं शेवटचं वाक्य ती मनात घोळवत राहिली: डब्याच्या तोंडावरच्या रबराच्या कड्याला तेलाचं बोट लावायचं, रबर टेकलं की हातानेच पाऊण फेरा आवळायचं, पाना लावायचा नाही.

त्याच दुपारी काम काढलं. शेजारच्या वेल्डरने दोन लोखंडी उतार दिले. पुढची चाकं त्यांवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या. अक्काने ट्रंकेतून शाळेतला पांढरा कोट काढून अंगात घातला, जणू काही शस्त्रक्रियाच करायची होती. खिडकीच्या आत नवरा झोपला होता, म्हणून सगळं खुणांनी आणि कुजबुजीने. पडदेवाली पाठीवर सरकत गाडीखाली गेली, खालचं बूच काढलं, काळंकुट्ट तेल घमेल्यात उतरलं. इथवर ठीक. पण डबा काही हलेना.

तिने दोन्ही हातांनी पिळला. रुमाल गुंडाळून पिळला. मनगट भरून आलं.

“डावीकडे फिरव,” वरून अक्का कुजबुजली.

“डावीकडेच फिरवतेय.”

“तुझी डावी की गाडीची डावी?”

“अक्का!”

“हळू! उठेल तो.”

“हळूच बोलतेय.”

“स्क्रू ड्रायव्हर खुपस त्यात. आरपार. मग फिरव.”

“फाटला म्हणजे? अर्धा वर, अर्धा माझ्या हातात!”

“मग मला येऊ दे खाली.”

“तुम्ही येऊ नका. कृपा करा, येऊ नका.”

असं बराच वेळ चाललं. माणसाने एका वेळी एकाशीच लढावं. तिच्या नशिबी गंजलेला डबाही होता आणि अक्काही. शेवटी ती चिडून बाहेर आली, घरात गेली आणि पडद्याच्या वरच्या काठाला आतून लावतात ती जाड पट्टी हातभर कापून आणली. डब्याभोवती तिचे दोन वेढे घातले, टोकांत पडद्याच्या दांडीचा एक तुकडा अडकवला आणि पीळ दिला. पट्टी आवळत गेली, करकरली, आणि डबा ‘कट्’ करून सुटला. पाठोपाठ तेलाचा एक ओघळ थेट तिच्या बाहीत उतरला. तिला त्या क्षणी एवढा आनंद झाला की बाहीचं काही वाटलं नाही.

आनंद फार टिकला नाही. उंच डबा लावायला घेतला तर तो दोन फेरे गेला आणि डुगडुगायला लागला. आटे धरत होते, पण सैल. शिलाई मशीनचे स्क्रू बदलून बदलून तिच्या बोटांना एवढं कळत होतं की हे लग्न काही टिकायचं नाही.

“आवळ की जरा,” अक्का म्हणाली.

“आवळून होणार नाही. हा आपला डबाच नाही.”

“असं कसं? मी तर...”

पडदेवाली गाडीखालून बाहेर आली, उठली आणि काहीही न बोलता जुना डबा प्लास्टिकच्या पिशवीत घातला. गाडीत तेल नाही, म्हणजे पायपीट. तेलाच्या बाहीने, कपाळावर काळा पट्टा घेऊन ती भर बाजारातून निघाली, आणि मागून पांढरा कोट फडफडवत अक्का. “तू एकटी कशाला जातेस?” रस्त्यातले लोक बघत होते. पडदेवालीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

दुकानदाराने जुना डबा वर्तमानपत्रावर ठेवला, बुटका शेजारी ठेवला. दोघे सख्खे भाऊ. “मी दोन दाखवले होते, बाई,” तो फक्त एवढंच म्हणाला. तेल लागलेला उंच डबा परत घ्यायला त्याने नकार दिला. अक्का वाद घालायला पुढे झाली. पडदेवालीने तिच्या कोटाची बाही धरून तिला दुकानाबाहेर आणलं. याआधी कधी तिने अक्काला असा हात लावल्याचं दोघींनाही आठवत नव्हतं.

बुटक्याचे पैसे मोजून दोघी परतल्या. अंगणात आल्यावर पडदेवालीने नव्या रबराला तेलाचं बोट लावलं आणि डबा घेऊन खाली गेली.

“अगं,” अक्का हळूच म्हणाली, “त्या जुन्या डब्याला रबर नव्हतं का? दुकानात ठेवला तेव्हा मला काही दिसलं नाही.”

“अक्का, आता तुम्ही एक शब्द बोलायचा नाही.”

“मी आपलं विचारलं.”

“विचारायचंही नाही!”

बुटका डबा सरसर चढला, टेकला. पाऊण फेरा. बूच लावलं, वरून नवं तेल ओतलं. पडदेवालीने हात पुसले आणि गाडीत बसून किल्ली फिरवली. अक्का पुढे वाकून खाली बघत होती.

गाडी सुरू झाली. क्षणभर सगळं छान होतं. मग अक्का अशी ओरडली की समोरच्या घराची खिडकी उघडली.

“बंद कर! बंद कर गं! सगळं वाहतंय!”

नवं कोरं सोनेरी तेल फरशीवर पसरत चाललं होतं. अक्काच्या कोटावर पोटापर्यंत फवारा उडाला होता. चपला तेलात. पडदेवाली गाडी बंद करून उतरली आणि किल्ली हातात धरून उभी राहिली. कुठे बसावं हेही तिला सुचेना.

दार उघडलं. नवरा उशीचा वळ गालावर घेऊन उभा. “कोण मेलं?”

“कोणी नाही,” अक्का कुजबुजली. “तू झोप.”

त्याने अंगण बघितलं, बहीण बघितली, बायको बघितली. मग आत जाऊन पिठाची रिकामी पोती घेऊन आला आणि एकेक करून तेलावर अंथरू लागला.

“तुम्ही माझ्यासाठी हळू बोलता ना?” तो खाली बघतच म्हणाला. “मला सगळं ऐकू येतं. रोज. कुजबुज तर जास्तच ऐकू येते, कारण काय म्हणतायत म्हणून कान टवकारावे लागतात. मोठ्याने बोलत जा. झोप तरी लागेल.”



मग पडदेवाली पुन्हा गाडीखाली गेली. डबा सोडवला, आणि टॉर्च लावल्यावर तिला दिसलं: इंजिनाच्या तोंडावर जुनं रबर चिकटून बसलं होतं, काळ्यावर काळं, पत्र्याचाच भाग वाटावा असं. त्यावर नवं रबर बसलं होतं. दोन रबरं एकमेकांवरून घसरली आणि तेलाने वाट काढली. तिने नखाने ते जुनं कडं सोडवलं. ते हातात आलं तेव्हा तिला रडू येतंय की हसू हे तिलाच कळेना. उंच डब्याचा दोष अक्काचा होता. हा नव्हता. हा सर्वस्वी तिचा.

ती कडं घेऊन बाहेर आली आणि अक्कासमोर धरलं. आता बोल, म्हणाली मनात. आता काय बोलायचं ते बोल.

अक्काने कड्याकडे बघितलं, कोटाच्या कोपऱ्याने चष्मा पुसायला गेली, चष्म्यालाच तेल लागलं, आणि ती आत दुसरा चष्मा शोधायला गेली. एक शब्द नाही. एरवी दोऱ्याच्या रिळावर तासभर बोलणारी बाई! पडदेवालीला हे बोलण्यापेक्षाही असह्य झालं.

नवऱ्याने जाऊन तेलाचा दुसरा कॅन आणला. डबा पुन्हा बसला, गाडी पुन्हा सुरू झाली, आणि तिघंही फरशीवर गुडघे टेकून खाली बघत राहिली. थेंब नाही. गाडी उतारांवरून खाली घेतली, इंजिनातली मापाची पट्टी ओढून तेलाची पातळी बघितली, बरोबर होती. नवरा जांभई देत कामावर जायच्या तयारीला लागला, त्या दिवशीची झोप बुडाली ती बुडालीच.

जेवताना पडदेवालीला राहवेना. “अक्का, बोलून टाका एकदा.”

“काय?”

“रबराचं. तुम्ही विचारलं होतंत.”

अक्काने घास गिळला. “मला कुठे नक्की माहीत होतं? मी दिवसभरात शंभर गोष्टी बोलते. एखादी लागायचीच.”

“मग त्या शंभरातली कुठली ऐकायची, हे मी कसं ओळखू?”

“ते मला तरी कुठे ओळखता येतं?” अक्का म्हणाली, आणि भात वाढून घेतला.

दातांच्या दवाखान्याचे पडदे ठरल्या दिवशी लागले. अक्का शिडी धरायला आली आणि शिडी सोडून डॉक्टरांना दिव्यांची जागा बदलायला सांगत बसली. एक पडदा उलटा लागला, तो काढून पुन्हा लावावा लागला. संध्याकाळी घरी आल्यावर पडदेवालीने सवयीने गाडीखाली बघितलं. फरशी कोरडी होती.

“पुढच्या वेळी हवेचा फिल्टरपण आपणच बदलू,” अक्का म्हणाली. “तो तर नुसता कागदाचा असतो म्हणे.”

“नाही,” पडदेवाली म्हणाली, आणि चांगलं मोठ्याने म्हणाली.

अक्काने ऐकलं की नाही देव जाणे. ती बॉनेट उघडून आत वाकली होती आणि विचारत होती, “ह्याला क्लिपा किती आहेत गं?”