मधुसूदनरावांच्या ताटातली मूठ

…तर सुनेत्रावहिनींनी आपला आठ किलोंचा डबा त्या भिजत घातलेल्या तांदळात स्वतःच्या हाताने उपडा केला, इथवर काल आलो होतो. उपडा केला, वर बुडावर दोन थापट्या मारल्या, एक दाणा म्हणून डब्यात राहू दिला नाही. मग कोपरापर्यंत हात घालून सगळा तांदूळ एकजीव केला. हे एकजीव करणं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यातूनच झाला.

काल जे अर्ध्यातून उठून गेले त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. मधुसूदनराव म्हणजे आपले रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातले. सगळी नोकरी मद्रासमध्ये, पेरंबूरला झाली. गाडीच्या नव्या बाकावर पहिला बसणारा माणूस मीच, असं ते सांगत. आणि ते खरंच होतं; बाक पास करायचं कामच त्यांचं. सुनेत्रावहिनी मूळच्या भोरच्या. लग्न होऊन मद्रासला आल्या तेव्हा त्यांना तमिळमधला एकच शब्द येत होता, 'वेंडाम', म्हणजे नको. भाजीवाल्याला नको, दूधवाल्याला नको, शेजारणीने प्रेमाने पुढे केलेल्या फुलांच्या गजऱ्यालाही वेंडाम. पहिले सहा महिने गल्लीत सगळ्यांना वाटायचं, कारखान्यातल्या मराठी माणसाने फार रागीट बायको आणली. पुढे तमिळ आलं, बाजारापुरतं आणि भांडणापुरतं. चाळीस वर्षं तेवढ्यावर निभावलं.

दोन वर्षांपूर्वी मधुसूदनराव न्हाणीघरात कोसळले. उजवी बाजू गेली. एग्मोरच्या पुढे एक मोठं हॉस्पिटल आहे, तिथे तेवीस दिवस होते. मुलगा अनय तांबरमच्या पलीकडे कंपनीत. तो संध्याकाळी यायचा. दिवसभर वहिनी एकट्या, व्हरांड्यातल्या सिमेंटच्या बाकावर. कँटीन होतं, पण उठून जावं आणि नेमकं तेव्हाच आतून बोलावणं यावं, या भीतीने त्या जागच्या हलत नसत. घरून आणलेली पोळी संध्याकाळपर्यंत पिशवीतच वाळायची.

पहिल्या बुधवारी फिक्या निळ्या साड्या नेसलेल्या सात-आठ बायका स्टीलच्या बादल्या घेऊन आल्या. अयनावरमच्या कौलारू चर्चमधलं बायकांचं मंडळ. पेशंटच्या नातेवाइकांना दर बुधवारी गरम कांजी, म्हणजे तांदळाची पेज, द्यायची, हा त्यांचा नेम. त्यांच्या सेक्रेटरी ज्ञानसेल्वी अक्का, शाळेतून निवृत्त झालेल्या हेडमास्तरीणबाई, पेला घेऊन पुढे आल्या. वहिनींच्या तोंडून सवयीने निघालं, "वेंडाम. आम्ही ख्रिश्चन नाही."

"कांजीही नाही," अक्का म्हणाल्या आणि पेला हातात देऊन पुढच्या बाकाकडे गेल्या.

वहिनी सांगतात, ती कांजी पोटात गेली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांना रडू आलं. तोवर वेळच मिळाला नव्हता.

तेवीस दिवसांत चार बुधवार आले. चार पेले कांजी, सोबत चिंचेच्या चटणीचं बोट. मधुसूदनराव घरी आले, हळूहळू काठी धरून चालू लागले. डॉक्टरांनी मऊ भात द्या सांगितलं, तेव्हा भोरहून वहिनींच्या भावाने आंबेमोहोर पाठवला. पुढेही पाठवत राहिला. घरात कुकर उघडला की जिन्यापर्यंत वास जायचा.

पण वहिनींच्या मनातून ते चार पेले जाईनात. गेल्या मार्चमध्ये त्या थेट त्या चर्चच्या हॉलमध्ये गेल्या. मंगळवार दुपार, बायका बसून कढीपत्ता निवडत होत्या. वहिनींनी विचारलं, मी काय करू? अक्कांनी त्यांना मुठीची रीत सांगितली.

रीत अशी. स्वयंपाकाला तांदूळ मोजून घेतला की धुण्याआधी त्यातली एक मूठ परत काढायची आणि वेगळ्या भांड्यात टाकायची. डब्यातून काढायची नाही, मोजलेल्यातूनच काढायची. म्हणजे तेवढं घरच्यांनी कमी जेवायचं. त्यांच्या आज्या-पणज्या हेच करत आल्या. महिन्याअखेरीला बायका आपापलं भांडं चर्चच्या मोठ्या पिंपात रिकामं करतात. त्यातून जव्वादूच्या डोंगरातल्या मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाला तांदूळ जातो, बुधवारची कांजी होते, आणि वर्षातून एकदा, बायकांच्या रविवारी, हॉस्पिटलच्या आवारात सगळ्या नातेवाइकांना पोटभर जेवण. त्या रविवारी उपासनाही बायकाच चालवतात, प्रवचनही बाईच करते.

वहिनींना हे फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून मूठ निघायला लागली. आता त्या घरात तांदूळ मुख्यतः कुणासाठी मोजला जायचा? मधुसूदनरावांसाठी. जीभ अजून जड होती, पण बोलायचं तेवढं ते बोलत.

"नेमकी माझ्याच ताटातली मूठ का?"

"मी पोळी खाते. पोळीतून मूठ कशी काढू?" वहिनी म्हणाल्या.

बरं, महिन्याच्या महिन्याला दीड किलो घेऊन जायला त्यांना संकोच वाटे. एकदम भरला डबा न्यावा, बायकांच्या रविवारीच न्यावा, असं त्यांनी ठरवलं. ऑगस्टपर्यंत आठ किलो आंबेमोहोर साठला. त्यात कडुनिंबाची पानं घातलेली, दर पंधरा दिवसांनी उन्हात दिलेला.

आणि तो रविवार उजाडला. सकाळी साडेसहालाच वहिनी हजर. हॉलच्या मागे पत्र्याखाली मोठ्या शेगड्या मांडलेल्या, टपात पंचवीस किलो तांदूळ भिजत घातलेला. घंटा झाली आणि बायका उपासनेला जायला निघाल्या. स्वयंपाकाची मुख्य पाकियम पाटी (तिकडे आजीला पाटी म्हणतात), ऐंशीच्या पुढची, तोंडात तीन दात. तिला तांदूळ कुणाच्या भरवशावर सोडावा कळेना. वहिनी म्हणाल्या, तुम्ही जा, धुण्याचं मी बघते. पाटीने त्यांना खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "बघ."

त्या एका शब्दाने वहिनींना काय आनंद झाला म्हणून सांगू. पाच महिने त्या मंडळात जात होत्या, पण पाहुणीसारख्या. खुर्ची मिळायची, काम मिळायचं नाही. आज पहिल्यांदा काम मिळालं. त्या आनंदात त्यांनी तांदूळ धुतला आणि आपला डबा त्यात उपडा केला.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. तिकडच्या घरोघरचा जेवणाचा तांदूळ म्हणजे उकडा. शिजायला पाऊण तास, दाणा मोकळा, पाणी काढून टाकायचं. आपला आंबेमोहोर पाव तासात गळतो. मुठीच्या भांड्यात उकडाच टाकायचा, हे त्या चर्चमधल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही, म्हणून वहिनींनाही कुणी सांगितलं नाही. दुसरं काही कुणी टाकेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. वहिनींनाही वाटलं, तांदूळ तो तांदूळ, त्यात आपला तर चांगल्यातला.

उपासना संपवून बायका घाईने आल्या. पाणी खळखळत होतं, वाफेत दाणा दिसतो कुठे? सगळा तांदूळ दोन हंड्यांत पडला. वीस मिनिटांनी पाटीने झाऱ्यावर भात घेतला आणि दोन बोटांत दाबला. एक दाणा लोण्यासारखा पसरला, दुसरा दगड. तिने पुन्हा घेतला. पुन्हा तेच.

"ज्ञानसेल्वी, इकडे ये," पाटी म्हणाली. "हे काय शिजतंय?"

अक्कांनी पाहिलं. पाणी पेजेसारखं दाट होऊन बुडबुडत होतं. घड्याळात दहा. साडेबाराला हॉस्पिटलच्या आवारात एकशेऐंशी माणसं ताटल्या घेऊन उभी राहणार होती. कालपासून तिथे फळ्यावर लिहिलेलं, आज जेवण आहे म्हणून. कित्येकांनी त्या भरवशावर सकाळचं खाल्लंही नसणार. आणि पिंपात आता दुसरा तांदूळ नाही.

"दुकानदाराने भेसळ केली," एक जण म्हणाली. पिंपात थोडी भर घालायला पाच किलो बाहेरून आणलेला होता. "तरी मी सांगत होते, कोपऱ्यावरच्याकडून घेऊ नका."

"उद्या त्याला दाखवतेच," दुसरी म्हणाली.

वहिनी हंड्यापासून चार हातांवर उभ्या होत्या. रिकामा डबा पिशवीत गेलेला. कुणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं. दुकानदाराचं नाव निघालंच होतं. गप्प राहिलं की झालं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे तो सिमेंटचा बाक आला. आज तिथे बसलेली कुणीतरी बाई या भाताची वाट बघत असेल, आणि तो आपणच नासवला. बोललं तर उद्यापासून पुन्हा पाहुणीची खुर्ची, नाहीतर तीही नाही. नाही बोललं तर त्या निळ्या साड्यांत आपण कुठल्या तोंडाने बसायचं?

"तो तांदूळ माझा," त्या आपल्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाल्या. "दुकानदाराचा नाही. पच्चरिसी आहे, कच्चा तांदूळ. गावचा. मी मिसळला. आठ किलो."

पाटी झारा घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आठ किलो? मूठ मूठ करून?"

"हो."

"किती महिने?"

"मार्चपासून."

पाटीने त्यांच्याकडे बघितलं, मग अक्कांकडे. "हिच्या नवऱ्याला कुणी जेवायला घालतं का नाही, बघून या."

हेडमास्तरीणबाई आधी हसल्या. मग सगळ्या हसल्या. वहिनींना हसावं की रडावं कळेना, तोवर पाटीने हुकूम सोडायला सुरुवात केली होती.

"याचा भात आता होत नाही. सांबार ओता त्यात."

"पाटी, सणाचं जेवण आहे," अक्का म्हणाल्या. "भात वेगळा, सांबार वेगळं, पोरियल, पापड. दरवर्षी…"

"दरवर्षी तुझं प्रवचनही वेगळं असतं, ते कुणी मागतं का? ओत."

सांबाराचं अख्खं पातेलं दोन हंड्यांत गेलं. भोपळा, गाजर, बीन्सची सुकी भाजी, म्हणजे ती पोरियल, तीही गेली. वरून गरम पाणी, चिंचेचा कोळ, मूठभर हिंग. आणि वल्ह्याएवढा लाकडी कालथा पाटीने वहिनींच्या हातात दिला. "तू बिघडवलंस, तू ढवळ. खाली लागलं तर बघ."

दीड तास वहिनी त्या धगीपुढे उभ्या होत्या. ऑगस्टातलं चेन्नई, डोक्यावर पत्रा, पुढ्यात दोन हंडे. आंबेमोहोर विरघळून सांबाराला मिळून आला, त्यात उकडा दाणा हळूहळू फुलत गेला. साडेअकराला पाटीने परत दोन बोटांत दाबून पाहिलं, चाखलं, आणि तुपाची बरणी आणायला गेली. तेव्हा वहिनींच्या जिवात जीव आला.

साडेबाराला जेवण पोचलं. वाढायला वहिनींना अक्कांनी आपल्या शेजारी उभं केलं. तिरुवण्णामलैकडची एक बाई पहिली ताटली संपवून परत आली. भीतभीतच म्हणाली, माझ्यासाठी नको, आत माझे मालक आहेत. चार दिवस त्यांना घास गिळता येत नाही, डॉक्टर म्हणतात पातळ-मऊ काही द्या. हे द्यायला चालेल का, असं नर्सला विचारून आलेय. आणि ह्याला वास कसला येतोय?

वहिनींनी डबा भरून दिला.

अर्ध्या तासाने ती बाई डबा धुऊन परत घेऊन आली. निम्मं खाल्लं म्हणाली. पाटी शेजारीच उभी होती. तिने वहिनींच्या पाठीवर एक धपका घातला.

"पुढच्या वर्षीही धुवायला तूच," ती म्हणाली. "पण डबा आधी मला दाखवायचा."

आता त्या चर्चमध्ये मोठ्या पिंपाशेजारी एक छोटा डबा असतो. त्यात फक्त कच्चा तांदूळ. बुधवारच्या कांजीबरोबर एक किटली मऊ भात वेगळा जातो, ज्यांना घास गिळवत नाही त्यांच्यासाठी. वहिनी देवपूजा आपल्या घरी करतात, उपासनेच्या वेळी अजूनही मागे पत्र्याखालीच असतात, पण खुर्चीवर बसलेलं त्यांना कुणी बघितलेलं नाही. भोरच्या भावाला त्यांनी कळवलंय, पोतं जरा मोठं पाठव.

त्या रविवारी संध्याकाळी घरी आल्यावर वहिनींनी मधुसूदनरावांना सगळं सांगितलं. डब्यापासून धपक्यापर्यंत. ते हसून हसून ठसका लागेपर्यंत हसले. कुकर झाला, पान मांडलं. मधुसूदनरावांचा उजवा हात तोवर बराच सुधारला होता. घास तोंडापर्यंत नीट जात होता. दोन घास जेवून ते थांबले आणि म्हणाले, "मी हिशेब केलाय. तेवीस दिवसांत बुधवार चार. चार पेले कांजी. त्याच्यापायी तू माझ्या ताटातला आठ किलो आंबेमोहोर दिलास. आता तरी ही मूठ थांबवशील की नाही?"

वहिनींनी त्यांच्या भातावर तूप वाढलं, आणि म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगतो:

"तुम्ही समोर बसून, आपल्या हाताने जेवताय ना? मग जेवा गुपचूप. तोवर मूठ निघणार."